लहान मुलांसह बेटांची समुद्रसफर: आखणी धाकट्याच्या दिनक्रमावरून करावी

पुण्यात कर्वेनगरला राहणाऱ्या एका कुटुंबाने विचारले आहे की, साडेपाच वर्षांची मुलगी, सफरीपर्यंत दीड वर्षाचा होणारा मुलगा, आई-वडील आणि मुलांचे आजी-आजोबा अशा सहा जणांनी उष्ण कटिबंधातील बेटांची क्रूझ करायची असेल, तर सिंगापूरहून पेनांग (मलेशिया)-फुकेत (थायलंड) करावी की मुंबईहून लक्षद्वीप, दिवाळीच्या सुट्टीत जावे की मे महिन्यात, किती रात्रींची सफर घ्यावी, केबिन कोणती घ्यावी, आणि इतक्या लहान मुलाला घेऊन हे मुळात झेपेल का.

झेपेल. कुटुंबांच्या समुद्रसफरी आखून देणे हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे आणि त्या अनुभवावरून माझे मत असे, की तुम्ही दिवाळीत जावे, सिंगापूरहून निघणारी तीन किंवा फार तर चार रात्रींची सफर घ्यावी, एका सफरीत दोनपेक्षा जास्त बंदरे नसावीत आणि लक्षद्वीप धाकटा पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत राखून ठेवावे. यामागचे कारण एकच आहे. बहुतेक कुटुंबे नकाशा समोर ठेवून, कोणती बेटे पाहता येतील यावरून मार्ग निवडतात. परंतु लहान मूल बरोबर असताना सफर चांगली होणे न होणे हे त्या मुलाची दुपारची झोप, त्याचे खाणे आणि त्याचे लंगोट यांवर ठरते. सर्वांत धाकट्या प्रवाशाचा दिवस आधी कागदावर मांडावा आणि त्यात बसेल तेवढीच बेटे घ्यावीत.

आधी हवामानाविषयी सविस्तर सांगतो, कारण पुण्याच्या शाळांच्या सुट्ट्या आणि समुद्राचा स्वभाव यांचा मेळ प्रत्येक वेळी बसत नाही. मे महिना आपल्याला सोयीचा वाटतो, पण अरबी समुद्रात पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मे आणि जूनच्या सुरुवातीला, चक्रीवादळे होतात. मे २०२१ मधील तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले आणि त्यात समुद्रातील कामगारांचा तराफा बुडून मोठी प्राणहानी झाली, हे अनेकांना आठवत असेल. मोसमी पाऊस केरळात सरासरी १ जूनला पोहोचतो आणि त्याआधीच लक्षद्वीपच्या आसपासचा समुद्र खवळू लागतो, म्हणून मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्या बाजूची समुद्रसफर लहान मुलांसह मी कोणालाही सुचवत नाही. पावसाळ्यानंतरचा काळ तुलनेने बरा असला तरी तोही निर्धोक नसतो. २०१७ मध्ये नोव्हेंबरअखेर आलेल्या ओखी वादळाने लक्षद्वीपला चांगलाच तडाखा दिला होता.

मलाक्काच्या सामुद्रधुनीची गोष्ट वेगळी आहे. एका बाजूला सुमात्रा बेट आणि दुसऱ्या बाजूला मलाय द्वीपकल्प असल्यामुळे खुल्या महासागरातील लांब लाटा तेथे शिरत नाहीत आणि जहाज फारसे डोलत नाही. शिवाय सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंश उत्तरेला आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्याला जे वळण मिळते ते विषुववृत्ताजवळ इतके क्षीण असते, की साधारण पाच अंशांच्या आत चक्रीवादळ तयार होणे अत्यंत दुर्मीळ असते. पेनांगपर्यंतचा मार्ग अशा रीतीने आडोशाचा आहे. त्यापुढे फुकेत मात्र अंदमान समुद्राला सामोरे असल्याने मे ते ऑक्टोबर तेथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस आणि लाटा असतात, आणि त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले सर्वाधिक पावसाचे महिने. नोव्हेंबरमध्ये वारा ईशान्येकडून वाहू लागला की फुकेतचा पश्चिम किनारा द्वीपकल्पाच्या आडोशाला येतो आणि समुद्र निवळतो. त्यामुळे त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरमध्ये असेल तर फुकेतची सफर निःशंकपणे घ्यावी. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर किंवा तिसऱ्या आठवड्यात आली तर फराळ घरीच करून सुट्टीच्या शेवटच्या टप्प्यात निघावे, किंवा फुकेत वगळून फक्त पेनांगची सफर घ्यावी. कॅरिबियन बेटांचा विचार कोणी सुचवला तर तो या वयात बाजूला ठेवावा, कारण तेथील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा आहे, म्हणजे आपली दिवाळी नेमकी त्यातच येते, आणि पुण्याहून तेथवरचा प्रवासच मुलांना थकवून टाकणारा आहे.

लक्षद्वीपविषयी दोन शब्द जास्त सांगतो, कारण ते आपल्या देशातील असल्यामुळे सोपे वाटते. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचे जहाज अगत्तीकडे जाते, कोचीहून लक्षद्वीप प्रशासनाच्या पर्यटन संस्थेच्या सफरी होतात, आणि ती बेटे खरोखर अप्रतिम आहेत. एकूण ३६ बेटांपैकी १० बेटांवर वस्ती आहे, प्रवेशासाठी परवाना लागतो, आणि बेटांभोवती प्रवाळाचे कडे असल्याने मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना वरखाली होणाऱ्या छोट्या बोटीत उतरावे लागते. दीड वर्षाचे मूल कडेवर, खांद्याला पिशवी आणि मागे गुडघेदुखी असलेले आजोबा, अशा स्थितीत ते उतरणे कसे होईल, याचा विचार तुम्हीच करावा. खलाशी हात देतात, ते कुशलही असतात, पण दिवसातून दोनदा हा प्रकार करण्याइतका आनंद त्या वयाच्या मुलाला बेटावर मिळत नाही. तीच मुलगी आठ-नऊ वर्षांची होऊन पोहायला शिकली, की लक्षद्वीपच्या खाजणातले उथळ पाणी तिच्यासाठी सर्वांत सुंदर वर्गखोली ठरेल.

फुकेतलाही पातोंगच्या उपसागरात जहाजे बहुधा नांगर टाकून उभी राहतात आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जावे लागते, हे आधीच माहीत असू द्यावे. पेनांगला मात्र जहाज थेट जॉर्ज टाउन शहरातल्या स्वेटनहॅम धक्क्याला लागते, बाबागाडी ढकलत चालत बाहेर पडता येते, आणि जुने शहर, जे २००८ पासून जागतिक वारसा स्थळ आहे, तिथून हाकेच्या अंतरावर आहे. सफर निवडताना प्रत्येक बंदरापुढे जहाज धक्क्याला लागते की नांगर टाकते, हे विचारून लिहून घ्यावे. माहितीपत्रकात ते ठळकपणे छापलेले नसते आणि बाबागाडी असलेल्या कुटुंबासाठी त्याहून महत्त्वाची माहिती दुसरी नाही. मार्गात मलेशियातले पोर्ट क्लांग बंदर असेल तर तेथून क्वालालंपूरला जाण्याचा मोह टाळावा. जाण्यायेण्यातच दोन-तीन तास बसमध्ये जातात.

आता वयाचे नियम. बहुतेक क्रूझ कंपन्या सफरीच्या दिवशी बाळ किमान सहा महिन्यांचे असल्याशिवाय जहाजावर घेत नाहीत आणि सलग तीन किंवा अधिक दिवस फक्त समुद्रात असणाऱ्या लांब सफरींसाठी ही अट बारा महिन्यांची असते. तुमचा मुलगा यात बसतो. मात्र मुलांच्या क्लबमध्ये साधारण तीन वर्षांपुढचे आणि डायपर सुटलेले मूलच घेतात. म्हणजे मुलगी दिवसातले दोन-तीन तास तिथे मजेत घालवेल, पण धाकटा सर्व वेळ तुमच्याजवळच असेल. काही मोठ्या जहाजांवर तान्ह्या मुलांसाठी सशुल्क पाळणाघर असते, त्याची जागा बुकिंगबरोबरच राखून ठेवावी. दुसरी गोष्ट अनेकांना जहाजावर गेल्यावरच कळते आणि मग फार वाईट वाटते: ज्या मुलाचे डायपर सुटलेले नाही त्याला जहाजाच्या पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचे खास डायपर घातले तरीही नाही. हा नियम पाण्यातून पसरणाऱ्या जुलाबांच्या संसर्गामुळे आहे आणि तो योग्यच आहे. काही जहाजांवर लहानग्यांसाठी वेगळा कारंज्यांचा कोपरा असतो, जिथे पोहण्याचे डायपर चालते. असे जहाज मिळाले तर भाडे थोडे जास्त असले तरी तेच घ्यावे. शिवाय जहाजावरील तलावांवर प्रत्येक वेळी जीवरक्षक असतोच असे नाही. मुलगी पाण्यात असताना एक मोठे माणूस तिच्यापासून हाताच्या अंतरावर पाण्यातच असले पाहिजे. काठावर खुर्चीत बसून लक्ष ठेवणे पुरेसे नाही, कारण बुडणारे लहान मूल ओरडत नाही.

केबिन जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर घ्यावी, कारण डोलणे तिथे सर्वांत कमी जाणवते. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनचेच मजले असलेली जागा पाहावी. डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा मजला आला तर पहाटे खुर्च्या सरकवण्याच्या आवाजाने मूल उठते. तुमच्या कुटुंबासाठी मधल्या दाराने जोडलेल्या दोन केबिन सर्वोत्तम. शेजारच्या केबिन आणि आतून जोडलेल्या केबिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा बुकिंगमध्ये आतून दार असल्याची नोंद लेखी घ्यावी. अशा केबिन प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि सर्वांत आधी संपतात. रात्री मुले झोपल्यावर आजी-आजोबा त्यांच्याजवळ थांबू शकतात आणि आई-वडिलांना तासभर मोकळा मिळतो. मी पाहिलेल्या बहुतेक कुटुंबांना बुफेपेक्षा आणि नाटकांपेक्षा त्या तासाचे मोल अधिक वाटले आहे. बाल्कनी मिळत असेल तर ती जरूर घ्यावी, कारण बाळ आत झोपलेले असताना मोठ्यांना बसायला जागा मिळते. पण तिथल्या खुर्च्या आणि छोटे टेबल कठड्यापासून दूर, शक्य असल्यास केबिनच्या आत ठेवावे, आणि दाराची वरची कडी मुले जागी असताना लावलेलीच असावी. भिंतीतून खाली येणाऱ्या वरच्या बिछान्यावर सहा वर्षांखालील मुलीला झोपवू नये. बाळासाठी घडीचा पाळणा कळवल्यास विनामूल्य मिळतो, मात्र तो ठेवल्यावर खोलीत चालायला जागा उरत नाही, हेही ध्यानात असावे. न्हाणीघरात बहुधा फक्त शॉवर असतो. शॉवरला घाबरणाऱ्या बाळासाठी फुगवता येणारा छोटा टब आणि प्लास्टिकचा एक तांब्या बरोबर नेल्यास आंघोळीचा रोजचा गोंधळ टळतो.

केबिनमधील माणसांच्या संख्येविषयी एक तांत्रिक बाब आहे. जीवनरक्षक नौकेत तान्हे बाळही एक पूर्ण प्रवासी म्हणून मोजले जाते, त्यामुळे चार जणांच्या खोलीत पाचवे म्हणून बाळाला मांडीवर घेऊन चालत नाही. विमानात दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसू शकते, जहाजावर त्याची नोंद आणि शुल्क दोन्ही लागतात. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांनुसार २४ तासांहून लांबच्या सफरीत जहाजावरील प्रत्येक तान्ह्या बाळासाठी त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट असणे बंधनकारक आहे. १५ किलोखालील मुलांसाठी एक माप असते आणि १५ ते ४३ किलोपर्यंतच्या मुलांसाठी दुसरे. केबिनमध्ये अनेकदा मोठ्यांचीच जाकिटे ठेवलेली असतात, तेव्हा जहाजावर चढल्याबरोबर दोन्ही मुलांची वजने सांगून त्यांची जाकिटे मागून घ्यावीत आणि मुलीला एकदा घालून पाहू द्यावे. जहाज सुटण्यापूर्वी होणारी सुरक्षा कवायत गांभीर्याने करावी. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज अपघातग्रस्त झाले तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, आणि त्यानंतर ती प्रस्थानापूर्वीच घेण्याचा नियम कडक झाला. क्लबमध्ये असताना धोक्याची सूचना झाली तर मुलीला नेमके कुठे आणतील, हे त्या वेळीच विचारून घ्यावे.

बोट लागण्याच्या भीतीने अनेक जण मागे हटतात. दोन वर्षांखालील मुलांना बोट सहसा लागत नाही. दोन ते बारा या वयात तिचा त्रास सर्वाधिक असतो, म्हणजे काळजी मुलीची करायची आहे. ताम्हिणी घाटातून कोकणात उतरताना तिला गाडी लागते का, हे तुम्हाला माहीत असेलच. त्याहून चांगली चाचणी म्हणजे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट. एका दिवसात जाऊन येता येते आणि मुलांना जहाज म्हणजे काय हे कळते. जहाजावर मळमळू लागले तर मुलीला उघड्या डेकवर नेऊन दूर क्षितिजाकडे पाहायला सांगावे, पुस्तक आणि मोबाइल हातातून काढून घ्यावा, पोट रिकामे ठेवू नये, कोरडे बिस्किट किंवा मुरमुरे द्यावेत. आल्याचा तुकडा किंवा आवळा सुपारी यांचा उपयोग होतो असा माझा अनुभव आहे. औषधाबाबत मात्र कडक राहावे. आपल्याकडे घराघरात असणारी अॅव्होमिनची गोळी प्रोमेथाझिन या औषधाची आहे आणि ती दोन वर्षांखालील मुलांना श्वास मंदावण्याच्या धोक्यामुळे देऊ नये. मुलीसाठी तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून मात्रा लिहून घ्यावी आणि पहिली मात्रा घरीच देऊन पाहावी, कारण काही मुलांना या औषधाने गुंगी येण्याऐवजी उलट चिडचिड आणि अस्वस्थता येते. मोठ्यांसाठीचे कानामागे लावायचे पॅच मुलांना मुळीच लावू नयेत.

जुलाब-उलट्यांचा संसर्ग जहाजावर पसरला तर त्यामागे बहुधा नोरोव्हायरस असतो, आणि त्यावर हाताला लावायचे सॅनिटायझर फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणी हाच उपाय आहे. बुफेला जाण्याआधी आणि मुलांच्या क्लबमधून परतल्यावर हात धुण्याची सवय मुलीला निघण्यापूर्वी महिनाभर लावावी. ओआरएसची पाकिटे, झिंकचे औषध, तापाचे औषध आणि ते मोजण्याची पिचकारी हातातल्या सामानात ठेवावी. जहाजावर डॉक्टर आणि परिचारिका असतात, पण बालरोगतज्ज्ञ नसतात, आणि दवाखान्याचे बिल परकीय चलनात तुमच्या खात्यावर पडते. म्हणून प्रवास विम्यात क्रूझचा स्पष्ट उल्लेख, जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च आणि जहाज चुकल्यास भरपाई या तीन गोष्टी आहेत की नाहीत हे पाहावे. आजी-आजोबांचा रक्तदाब किंवा मधुमेह अर्जात लपवू नये. लपवलेल्या आजाराच्या कारणावरून दावे नाकारले जातात.

खाण्याविषयी. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे शाकाहारी भारतीय जेवण बहुधा मिळते, पण ते तिखट असते. केबिनमध्ये इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन शेगडी किंवा इस्त्री नेता येत नाही, कारण आग ही समुद्रातील सर्वांत मोठी आपत्ती आहे. अशी वस्तू सामानात सापडली तर ती काढून घेऊन शेवटच्या दिवशी परत देतात. म्हणून गरम पाणी घालताच तयार होणारे पदार्थ न्यावेत: भाजलेल्या रव्याचा उपमा, नाचणीचे सत्त्व, मेतकूट. साधा भात आणि वरण कोणत्याही जहाजाच्या स्वयंपाकघरात मिळते, त्यावर घरचे तूप आणि मेतकूट घातले की धाकट्याचे दोन्ही वेळचे जेवण सुटते. पहिल्याच संध्याकाळी भोजनगृहाच्या मुख्य व्यवस्थापकाला भेटून बिनतिखटाचे मऊ भात-वरण रोज किती वाजता हवे ते सांगून ठेवावे. ही माणसे मुलांच्या बाबतीत फार मनापासून मदत करतात. दिवाळीच्या फराळातले अनारसे मात्र घरीच ठेवावेत. खसखस सिंगापूरमध्ये प्रतिबंधित आहे, तेव्हा अनारशांवरची किंवा मसाल्यातली खसखस सामानात नसावी.

वेळेचा फरक हा असा विषय आहे की ज्याचा विचार फार थोडे लोक करतात. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. पुण्यात रात्री नऊला झोपणारे बाळ तेथील साडेअकराला झोपेल आणि सकाळी सातला उठणारे साडेनऊला उठेल. चार रात्रींच्या सफरीसाठी त्याची झोप बदलण्याचा प्रयत्न करू नये. जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर उशिराची घ्यावी, सकाळी आठला निघणाऱ्या किनाऱ्यावरील सहली घेऊ नयेत, आणि दुपारची झोप केबिनच्या अंधारात, पडदे ओढून, नेहमीच्या दुपट्यासह होऊ द्यावी. थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे, पण जहाज आपलीच वेळ पाळू शकते, तेव्हा फुकेतला उतरताना मोबाइलवरील वेळेवर विसंबू नये. परत येण्याची अंतिम वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते आणि स्वतंत्रपणे फिरायला गेलेल्या प्रवाशांसाठी जहाज थांबत नाही.

किनाऱ्यावर काय करावे? पेनांगमध्ये सकाळी उशिरा उतरून जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांतून दोन तास फिरावे, किंवा पेनांग टेकडीवर रेल्वेने जाऊन यावे. ही टेकडीवरची रेल्वे १९२३ पासून आहे, वर हवा थंड असते आणि आजी-आजोबांनाही ती सोपी पडते. फुकेतमध्ये फी फी बेटांकडे जाणाऱ्या वेगवान बोटीची सहल तुम्ही टाळावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्या बोटी लाटांवरून आपटत जातात, प्रवाशांच्या मणक्यांना हादरे बसतात आणि मांडीवरचे बाळ सांभाळणे शक्य होत नाही. त्यापेक्षा पातोंगच्या वाळूत तास-दीड तास खेळून जेवणापूर्वी परतावे. बहुसंख्य प्रवासी त्या वेळी बाहेर असल्याने जहाज रिकामे असते, कारंजी आणि घसरगुंड्या मुलांना मोकळ्या मिळतात. एखाद्या बंदरात अजिबात उतरले नाही तरी काही बिघडत नाही. उन्हाची तीव्रता तिथे आपल्या एप्रिल-मेपेक्षाही फसवी असते, कारण वारा आणि दमटपणा यांमुळे त्वचा भाजते आहे हे कळतच नाही. दोघांना लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे, मानेवर झालर असलेली टोपी आणि झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन घ्यावे. थायलंडने ऑगस्ट २०२१ पासून प्रवाळाला घातक असलेल्या काही रसायनांची सनस्क्रीन सागरी राष्ट्रीय उद्यानांत बंद केली आहेत, आणि झिंकचे सनस्क्रीन त्या यादीत नाही. पूर्ण अंगाचे पोहण्याचे कपडे जेलीफिशपासूनही संरक्षण देतात.

कागदपत्रांना आजच सुरुवात करावी. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांसाठीच मिळतो, मुलीचा जन्मानंतर लगेच काढला असेल तर तो संपला असण्याची शक्यता आहे, आणि परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात मुलांसाठी आई-वडील दोघांच्या सहीचे घोषणापत्र लागते, आणि चार वर्षांखालील मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरून न्यावा लागतो. सिंगापूरचा व्हिसा सर्व सहा जणांना लागेल. सफर सिंगापूरला सुरू होऊन तिथेच संपते, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा प्रवेश करता, म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे याची खात्री करावी. मलेशिया आणि थायलंडचे भारतीयांसाठीचे नियम गेल्या काही वर्षांत सैल झाले आहेत, पण दोन्ही देशांना आगमनापूर्वी डिजिटल फॉर्म भरून हवा असतो, आणि तो बाळाच्या नावानेही भरावा लागतो. सर्व पासपोर्टांच्या छायाप्रती वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात, कारण काही जहाजांवर मूळ पासपोर्ट सफर संपेपर्यंत जमा करून घेतात.

खर्चाचा अंदाज करताना जाहिरातीतल्या भाड्यावर जाऊ नये. बंदर शुल्क आणि कर्मचाऱ्यांची रोजची बक्षिसी बहुतेक जहाजांवर मुलांसकट प्रत्येक डोक्यामागे आकारतात. मुले मोफत असे लिहिलेले असले तरी हे दोन आकडे वेगळे पडतात. त्यात विमान, विमा, व्हिसा, सिंगापूरमधील हॉटेल आणि इंटरनेट धरून एकूण आकडा लेखी मागावा. परदेशी सहलीवर कापला जाणारा टीसीएस हा आगाऊ कर असल्याने विवरणपत्रात त्याचा हिशेब मिळतो, त्याची पावती जपावी.

जहाज सुटण्याच्या दिवशी सिंगापूरला उतरणारे विमान कधीही घेऊ नये. पुण्याहून मुंबईचा विमानतळ गाठताना घाटात वाहतूक खोळंबली, विमानाला उशीर झाला, तर जहाज निघून जाते आणि पैसे परत मिळत नाहीत. आदल्या दिवशी पोहोचून एक रात्र विश्रांती घ्यावी. सिंगापुरात दोन वेगवेगळी क्रूझ टर्मिनल आहेत, एक मरीना बे येथे आणि दुसरे हार्बरफ्रंटला. तिकिटावरचे नाव पाहूनच टॅक्सी सांगावी. तेथील नियमानुसार १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना गाडीत विशेष आसन लागते. साध्या टॅक्सीला यातून सूट आहे, अॅपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही, त्यामुळे सहा जणांसाठी दोन साध्या टॅक्सी करणे सोपे पडते. धक्क्यावर मोठे सामान जमा केल्यावर ते केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, म्हणून डायपर, दूध, औषधे, बदलायचे कपडे आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत असावेत.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी मुलांना घालायचे कपडे, दोन-तीन डायपर आणि चपला त्यात बंद होणार नाहीत याकडे लक्ष द्यावे, हवे तर आपले सामान आपणच घेऊन उतरण्याचा पर्याय निवडावा. उतरणे, इमिग्रेशन आणि विमानतळ गाठणे यांत सकाळ जाते, त्यामुळे मुंबईचे विमान दुपारी तीननंतरचे असावे. रात्रीचे मिळाले तर अधिक चांगले, कारण धाकटा त्याच्या नेहमीच्या वेळेला विमानात झोपेल.